कळशी निळी का असू नये?

आज तैलरंगातल्या स्थिरचित्राविषयी बोलू या. स्थिरचित्र म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंचं चित्र. भांडी, फळं, फुलं, काहीही. वस्तू हुबेहूब उतरली की चित्र चांगलं, असं आपण शाळेत शिकलो. अभिव्यक्तिवादी चित्रकारांचं म्हणणं वेगळं होतं: ती वस्तू बघून मनात काय उठतं, ते रंगवा.

गेल्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत असं काम करणाऱ्यांमध्ये गाब्रिएले म्यून्टर होत्या. म्युनिकच्या कला अकादमीत तेव्हा बायकांना प्रवेशच नव्हता, तो १९२० साली मिळाला. म्हणून त्या खासगी वर्गांत शिकल्या. १९०८ साली त्या मुर्नाऊ नावाच्या गावी गेल्या. तिथले कारागीर काचेच्या मागच्या बाजूनं साधुसंतांची चित्रं रंगवायचे. जाड काळी रेघ, आत सपाट धीट रंग. म्यून्टर ती कला शिकल्या आणि तीच रेघ, तेच रंग त्यांनी तैलचित्रात आणले. अकादमीच्या शिस्तीत वाढलेल्याला गावच्या कारागिरापुढे शिकायला बसणं जड गेलं असतं, असं मला वाटतं. १९११ च्या एका स्थिरचित्रात त्यांनी जमवलेल्या छोट्या मूर्ती आहेत आणि मागे घोड्यावर बसलेले संत जॉर्ज. पुढे नाझी राजवटीनं अशा कलेला विकृत ठरवलं. बाईंनी स्वतःची आणि सोबत्यांची चित्रं घराच्या तळघरात दडवून ठेवली आणि १९५७ साली म्युनिक शहराला देऊन टाकली.

आता आपल्या हाताचं काम. समोर पितळी कळशी आणि दोन वांगी ठेवा. खिडकीचा उजेड एकाच बाजूनं येऊ द्या. डोळे किलकिले करून बघा, म्हणजे बारकावे पुसले जातात आणि मोठे आकार उरतात. मग स्वतःला विचारा, ही कळशी मला कशी वाटते? रोज पाणी वाहून खांदा दुखत असेल, तर ती कागदावर मोठी, जड, थोडी कललेली येऊ द्या. रंगही तसाच. थंडगार वाटली तर निळी करा. सावलीत काळा रंग ओतू नका, जांभळा किंवा गडद हिरवा लावून बघा. लालाशेजारी हिरवा आला की दोन्ही पेटून उठतात.

तैलरंगाची भुकटी बहुधा जवसाच्या तेलात घोटलेली असते. हो, आपल्या चटणीचं जवसच. हे तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. शेंगदाण्याचं तेल तसं घट्ट होत नाही, म्हणून ते चालत नाही. पांढऱ्या रंगात कधीकधी करडईचं तेल असतं, ते कमी पिवळं पडतं. पहिला थर टर्पेंटाइन घालून पातळ लावा, वरच्या थरांत तेल वाढवत जा. उलटं केलंत तर खालचा थर मागाहून वाळतो आणि वरच्याला भेगा जातात. कोऱ्या कापडावर थेट रंगवू नका, तेलानं कापड कुजतं. आधी अस्तराचा हात द्यावा लागतो. तयार कॅनव्हास बोर्ड घेतलात तर ते झालेलंच असतं.

टर्पेंटाइनचा वास डोक्यात जातो. खिडकी उघडी हवी, चूल लांब हवी आणि बाटली मुलांच्या हाताला लागता कामा नये. ब्रश पुसलेल्या चिंध्यांकडे तर नीट लक्ष द्या. जवसाचं तेल लागलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली, तर ती आपोआप तापते आणि काडी न लावता पेट घेऊ शकते. त्या चिंध्या पाण्यात भिजवा आणि घराबाहेर एकेक पसरून वाळवा. चित्र मात्र भिंतीला टेकवून ठेवा. वरून काही दिवसांत कोरडं वाटलं, तरी वार्निश लावायला सहा महिने तरी थांबा.