औषधाला गुण आहे, पण लागू का पडत नाही?

डोंबिवलीचे एक निवृत्त इंग्रजीचे मास्तर माझे जुने रुग्ण. परवा रक्तदाब तपासायला आले ते औषधाच्या खोक्यातला कागद घेऊनच. "डॉक्टर, इथे 'एफिकेशियस' छापलंय. तुम्ही 'इफेक्टिव्ह' म्हणता, कोणी 'एफिशियंट' म्हणतं. खरं कोणतं?"

मास्तरांना शब्दांची हौस. परंतु या तीन शब्दांतले अंतर दवाखान्यात रोज दिसते.

एफिकेशियस म्हणजे गुणकारी. निवडक रुग्ण, वेळच्या वेळी गोळ्या, कडक देखरेख. अशा चाचणीत औषध उतरले की ते गुणकारी. इफेक्टिव्ह म्हणजे परिणामकारक. तेच औषध आपल्या घरात, आपल्या धावपळीत लागू पडले पाहिजे.

क्षयाचेच घ्या. साध्या क्षयावर सहा महिन्यांचा उपचार नीट घेतला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. माझ्याकडे येणारा कल्याणचा एक तरुण पहाटेची लोकल धरून मुंबईला जाई. दोन महिन्यांत ताप गेला, वजन वाढले. रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्यावर गाडीत मळमळे, म्हणून त्याने परस्पर औषध सोडले. चार महिन्यांनी पुन्हा खोकत आला. आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, औषधात दम नाही." दम होता, औषधच पोटात जात नव्हते. चूक माझीही. मळमळीबद्दल मी विचारलेच नाही; गोळ्यांची वेळ रात्रीची करून दिली असती तर कदाचित भागले असते. आता जंतू औषधांना दाद देतात की नाही, हे थुंकी तपासूनच ठरेल. (या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, घाबरू नये. डोळे पिवळे झाले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.)

एफिशियंट म्हणजे तोच परिणाम कमी खर्चात. मद्रासच्या क्षय संशोधन केंद्राने सॅनेटोरियममधले रुग्ण आणि घरी राहून गोळ्या घेणारे रुग्ण यांची तुलना करून १९५९ साली निष्कर्ष छापले. घरच्यांचा आहार निकृष्ट, खोल्या दाटीच्या, तरी निकाल जवळपास सारखेच. पुढे क्षयरोग्यांना घरीच उपचार देण्याची पद्धत जगभर रूढ झाली.

एवढे सांगून मास्तरांच्या दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब १७० वर १००.

"गोळी रोज घेता ना?"

"एक दिवसाआड. एफिशियंट म्हणून."