टर्मिनलशी ओळख : ‘हँग झालं’ म्हणण्याआधी

मागच्या भागात प्रोग्रामकडे माहिती येते कुठून आणि जाते कुठे, ते पाहिलं. आज ती येणंच थांबलं तर काय, ते पाहू.

संगमनेर, लोणी, कोपरगाव, अभियांत्रिकीची लॅब कुठलीही असो, ‘सर, टर्मिनल हँग झालं’ ही हाक ठरलेली. एंटर दाबून काही होत नाही म्हटल्यावर पोरं थेट खिडकीच बंद करतात. त्यासरशी शेलला हँगअपचा सिग्नल जातो, आतला प्रोग्रामही बहुधा मरतो आणि नेमकं काय झालं होतं हे कधीच कळत नाही. गळीत हंगामात काट्यापुढे उभा असलेला उसाचा ट्रॅक्टर बिघडलेला नसतो, नंबराची वाट पाहत असतो. टर्मिनलचंही बहुतेक वेळा तसंच असतं. तेव्हा आधी शोधायचं ते एवढंच : कोण कशाची वाट पाहतंय?

पहिली की दाबायची ती कंट्रोल-क्यू. तिने नुकसान काहीच होत नाही. वर्ड वापरून हात कंट्रोल-एसला सरावलेले असतात, फाइल सेव्ह करायला. टर्मिनलमध्ये मात्र त्याच जोडीचा अर्थ ‘पडद्यावर लिहिणं थांबव’. ही टेलिटाइपच्या जमान्यातली प्रथा. आस्की संकेतावलीत कंट्रोल-एसचा क्रमांक 19 आणि कंट्रोल-क्यूचा 17. कागदी पट्टी वाचणारं यंत्र थांबवायला आणि सुरू करायला हे संकेत वापरत. ती यंत्रं गेली, सवय लिनक्सच्या पोटात राहिली. गंमत अशी की पडदा गोठलेला असतानाही तुम्ही टाइप केलेलं साठत राहतं. म्हणून रागाच्या भरात भलतीसलती कमांड ठोकू नका, कंट्रोल-क्यू दाबताच ती खरोखर चालेल. हा जाच कायमचा नको असेल तर एसटीटीवाय कमांडला वजाचं चिन्ह जोडून आयएक्सऑन द्यायचं, आणि ती ओळ बॅशआरसी फाइलमध्ये टाकून ठेवायची.

त्याने काही हललं नाही तर ओळीच्या सुरुवातीला पाहा. तिथे नुसतं ‘>’ दिसत असेल तर बहुधा एखादं अवतरणचिन्ह उघडं राहिलंय. काहीच दिसत नसेल तर चालू प्रोग्राम तुमच्याच टाइप करण्याची वाट पाहत असण्याची शक्यता मोठी. ग्रेपला फाइलचं नाव द्यायचं राहिलं की तो मुकाट्याने कीबोर्डकडे बघत बसतो. कंट्रोल-डी म्हणजे ‘माझं सांगून संपलं’, त्यावर तो सुटतो.

सी शिकणाऱ्यांची खास चूक वेगळीच. स्कॅनएफमध्ये ‘%d’ला चिकटून नव्या ओळीचं चिन्ह लिहिलं की आकडा देऊनही प्रोग्राम पुढे सरकत नाही. ते चिन्ह एंटर आणि स्पेस गिळत राहतं. दुसरं एखादं अक्षर येईपर्यंत थांबायचं, असाच त्याचा नियम. कितीही एंटर मारा! तिथे दोष टर्मिनलचा नाही, ते चिन्ह काढून टाकायचं.

चालू प्रोग्राम तोडणारी कंट्रोल-सी शेवटी. तीही चालली नाही तर दुसरं टर्मिनल उघडून पीएसमध्ये प्रोग्रामची अवस्था पाहा. ‘टी’ म्हणजे कुणीतरी थांबवलेला. पाठीमागे सोडलेला प्रोग्राम कीबोर्ड मागू लागला की लिनक्स त्याला असाच थांबवतं, आणि मूळ टर्मिनलमध्ये एफजी म्हटलं की तो पुढे येतो. ‘एस’ म्हणजे कशाची तरी वाट पाहत झोपलेला. ‘डी’ असेल तर तो बहुधा डिस्कपाशी किंवा नेटवर्कवरच्या फाइलपाशी अडकलाय, आणि त्याचा तुमच्या कीबोर्डशी संबंध नाही. तो पुढच्या आठवड्याचा विषय.