एका मैदानात बसलेल्या बाया

आफ्रिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर लायबेरिया नावाचा एक लहान देश आहे. एका अंगाला समुद्र, आत दाट जंगल, आणि पाऊस आपल्या कोकणासारखा उदंड. तिथले लोक भात खातात आणि कसावा नावाचा कंद खातात. आपल्याकडे उपासाचा साबुदाणा ज्या कंदापासून करतात, तोच हा कंद. देशाची राजधानी मनरोव्हिया.

ह्या देशाचा जन्म वेगळ्याच रीतीने झाला. अमेरिकेत काळ्या लोकांना गुलाम म्हणून राबवीत असत. त्यांतले मोकळे झालेले काही लोक 1822 सालापासून जहाजाने येऊन ह्या किनाऱ्यावर राहू लागले. 1847 साली त्यांनी स्वतंत्र राज्य जाहीर केले. परंतु गंमत पहा. स्वतः गुलामगिरीचे चटके सोसलेल्यांच्या ह्या वस्तीने तिथल्या मूळच्या जमातींना बरोबरीने वागवले नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ सत्ता, जमीन, शाळा सारे त्या मूठभर घराण्यांच्या हाती राहिले. मनात साचलेला राग कधी ना कधी बाहेर पडतोच. 1980 साली सैनिकांनी सत्ता घेतली. 1989 च्या डिसेंबरात चार्ल्स टेलर नावाच्या पुढाऱ्याने सरकारविरुद्ध बंड पुकारले आणि घरचेच युद्ध पेटले.

हे युद्ध मध्ये थोडे थांबले, पुन्हा भडकले, आणि 2003 सालापर्यंत चालले. देशाची वस्ती तीस लाखांच्या आसपास. त्यांतली दोन लाखांहून जास्त माणसे मेली असा अंदाज आहे. दहाबारा वर्षांच्या पोरांच्या हाती बंदुका दिल्या. पोरे भिऊ नयेत म्हणून त्यांना नशा चढवीत. बायकांची अब्रू तर कोणत्याच टोळीने राखली नाही. 1990 च्या 29 जुलैला मनरोव्हियातील सेंट पीटर्स लुथरन चर्चमध्ये सरकारी सैनिक शिरले. जिवाच्या भीतीने तिथे आसऱ्याला आलेली सुमारे सहाशे माणसे त्यांनी ठार केली. बाया होत्या, लेकरे होती. देवाच्या दारातही थारा उरला नाही.

हे चर्च ध्यानात ठेवा. पुढची हकिगत त्याच चर्चमधली आहे.

लेमा बोवी ही 1972 साली जन्मलेली बाई. युद्ध सुरू झाले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. शिकून मोठे व्हायचे सोडून तिला पळापळ करावी लागली. पुढे घर मांडले, पण घरधनी मारझोड करी. शेवटी लेकरे घेऊन ती त्या घरातून बाहेर पडली. मग तिने युद्धाने मन खचलेल्यांना धीर देण्याचे शिक्षण घेतले आणि लुथरन चर्चच्या कामाला लागली. काम कसले, तर ज्या पोरांनी माणसे मारली त्याच पोरांजवळ बसायचे, त्यांचे ऐकायचे, त्यांना माणसांत आणायचे.

2002 साली एका रात्री लेमाला स्वप्न पडले. बायकांना गोळा कर आणि शांतीसाठी प्रार्थना करा, असे कोणी सांगत आहे असे तिला वाटले. आपण काही फार धर्मशील नाही, हा निरोप दुसऱ्या कोणासाठी असावा, असे तिच्या मनात आले. पण सोबतिणींनी तिलाच पुढे केले. दर मंगळवारी काही ख्रिस्ती बाया चर्चमध्ये जमू लागल्या. कोणी लुथरन पंथाची, कोणी कॅथलिक, कोणी आणखी कुठल्या पंथाची. एरवी ह्या पंथांचे एकमेकांकडे जाणेयेणे फारसे नसते. नुसते एवढे जमणे हेही थोडे नव्हते.

एका बैठकीत आसातू बाह केनेथ नावाची बाई उठून उभी राहिली. ती पोलीस खात्यात होती आणि धर्माने मुसलमान होती. साऱ्या चर्चमध्ये त्या धर्माची ती एकटीच. ती म्हणाली की तुमचे हे काम मला पटले आहे, मी आमच्या बायकांनाही यात आणते. बायांनी आनंदाने तिचे स्वागत केले. आसातूने शब्द पाळला आणि मुसलमान बायांची जूट बांधली.

खरी अडचण त्यानंतर आली. टाळी वाजवणे सोपे असते, शेजारी बसणे अवघड. काही ख्रिस्ती बाया कुरकुरू लागल्या. दुसऱ्या धर्माच्या बायांबरोबर बसलो तर आपली श्रद्धा पातळ होईल, असे त्यांना वाटे. तिकडे मुसलमान बायांच्या मनातही किंतू होताच.

ही कुरकुर वेडेपणाची होती असे मी म्हणणार नाही. तिला कारण होते. 2008 च्या शिरगणतीत लायबेरियात शंभरांत सुमारे 85 ख्रिस्ती आणि 12 मुसलमान होते. मुसलमानांत मंडिंगो जमातीचे लोक पुष्कळ. युद्धाच्या सुरुवातीला टेलरच्या लोकांनी मंडिंगोंना वेचून मारले. पुढे मंडिंगोंनीही आपल्या टोळ्या उभारल्या, आणि त्यांच्या गोळ्यांनी दुसऱ्यांची घरे बसली. म्हणजे चर्चमध्ये समोरासमोर बसलेल्या दोन बायांपैकी एकीचा भाऊ दुसरीच्या लोकांनी मारलेला असू शकत होता. अशा वेळी प्रेमाने राहा, एवढे सांगून कोणाचे समाधान होते काय?

शिवाय धर्मग्रंथात आधार शोधू गेले तर दोन्ही बाजूंना सापडतो. बायबलात पौलाचे एक पत्र आहे. ज्यांचा विश्वास वेगळा त्यांच्याबरोबर एका जुवाखाली जाऊ नये, अशा अर्थाचा उपदेश त्यात आहे. पण त्याच बायबलात येशूने सांगितलेली शोमरोनी माणसाची गोष्टही आहे. चोरांनी मारून टाकलेल्या वाटसरूला त्याच्याच धर्माचे दोन मोठे लोक ओलांडून गेले, आणि ज्याला सारे परका व हलका मानीत त्या शोमरोन्याने त्याच्या जखमा बांधल्या. आता शेजारी कोणाला म्हणायचे? कोणते वचन कोठे लावायचे हे पुस्तक आपण होऊन सांगत नाही. ते माणसांनाच एकत्र बसून ठरवावे लागते.

ह्या बायांनी ते बसून ठरवले. गोळी धर्म विचारून लागत नाही, हा त्यांचा साधा मुद्दा होता. त्याला उत्तर कोणाकडेच नव्हते. लेमाच्या बरोबरीने थेल्मा एकियोर नावाची नायजेरिया देशाची बाई बायांच्या शिकवणीचे काम करीत होती. तिने एक रीत घातली होती. बायांनी गोल करून बसायचे आणि मनावरचे ओझे एकेकीने उतरवायचे. काय सोसले ते सांगायचे. बाकीच्यांनी मध्ये बोलायचे नाही, उपदेश करायचा नाही. रात्र सरली तरी गोष्टी सरत नसत. ऐकता ऐकता लक्षात येई की हिचे दुःख आणि माझे दुःख एकाच ठशाचे आहे. वकीलबाई असो की बाजारात मासळी विकणारी, ख्रिस्ती असो की मुसलमान, मोठ्या घरातली असो की छावणीत पाल ठोकून राहणारी, इथे तिने बाई म्हणूनच बसायचे असे ठरले. धर्म कोणी सोडला नाही. ख्रिस्ती बाया येशूचे नाव घेत राहिल्या, मुसलमान बाया नमाज पढत राहिल्या.

मग काम झपाट्याने वाढले. शुक्रवारी दुपारी नमाज सुटला की बाया मशिदीच्या दाराशी उभ्या. शनिवारी सकाळी बाजारात. रविवारी चर्चच्या दारात. त्या पत्रके वाटीत आणि बायांशी बोलत. आपण वाचायला शिकलो आहोत म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तिथल्या पुष्कळ बायांना अक्षर येत नव्हते. म्हणून पत्रकांवर चित्रेही काढली होती. वाचता येत नाही म्हणून कोणी बाहेर राहू नये, हा त्यातला विचार. समतेच्या पुष्कळ सभा नेमक्या इथेच चुकतात. बोलणारे बोलतात, आणि ज्यांच्यासाठी बोलायचे त्या बाया अंगणात उभ्या राहतात.

2003 च्या एप्रिलमध्ये ह्या बाया मनरोव्हियात मासळीबाजाराजवळच्या मैदानात येऊन बसल्या. हजारोंच्या संख्येने. हे मैदान का निवडले? तर टेलर तेव्हा देशाचा अध्यक्ष होता आणि त्याची मोटार रोज शेजारच्या रस्त्याने जाई. बायांनी पांढरे कपडे घातले होते, डोक्याला पांढरी फडकी बांधली होती. अंगावर दागिना नाही, तोंडाला रंग नाही. बायबलातील एस्तेर राणी आपले लोक वाचवण्यासाठी जीव धोक्यात घालून राजापुढे गेली. ती एस्तेर ह्या बायांच्या मनात होती. आणि पांढऱ्या कपड्यात गरीब कोण, श्रीमंत कोण, हेही कळत नाही. रोज सकाळी दोन्ही धर्मांच्या प्रार्थना होत. ऊन आले तरी बाया बसत, पाऊस आला तरी बसत. आम्हाला शांती हवी, एवढेच त्यांचे मागणे. ह्या टोळीला राज्य द्या, त्या टोळीला द्या, असे त्या कधी बोलल्या नाहीत.

बायांनी आणखी एक अस्त्र काढले. लढाई थांबेतोवर नवऱ्यांशी अंथरूण वेगळे! ही बातमी जगभर गाजली. लेमाने पुढे स्वतःच सांगितले की लढाई थांबायला त्याचा उपयोग थोडाच झाला, पण वर्तमानपत्रांचे लक्ष मात्र वेधले गेले.

23 एप्रिल 2003 रोजी टेलरने त्यांना भेटीला बोलावले. बोलायला लेमा पुढे झाली. समोर टेलर, पण तिने तोंड वळवले ते ग्रेस मायनर ह्या बाईंकडे. सरकारच्या माणसांत त्या एकट्याच बाई होत्या. आमचे मागणे तुम्ही अध्यक्षांना द्या, असे तिने त्यांना सांगितले. टेलर बोलणी करायला कबूल झाला. बंडखोर पुढाऱ्यांनाही बायांनी गाठले.

4 जून रोजी घाना देशात, अक्रा शहरी, बोलणी सुरू झाली. त्याच दिवशी एका न्यायालयाने टेलरवर युद्धातील गुन्ह्यांचा आरोप जाहीर केला, आणि टेलर घाईघाईने मायदेशी परतला. बोलणी लांबत गेली. कोणाला कोणते मंत्रिपद मिळायचे ह्यावर पुढारी घासाघीस करीत, चांगल्या हॉटेलात राहत, आणि इकडे मनरोव्हियात तोफगोळे पडत होते. जुलैत आसरा घेतलेल्या लोकांवर गोळे पडून माणसे मेल्याची बातमी आली. तेव्हा अक्र्यातल्या बायांचा संयम सुटला. हातात हात गुंफून त्या सभागृहाच्या दाराशी बसल्या. तोडगा निघेपर्यंत आतला माणूस बाहेर जायचा नाही! पहारेकरी लेमाला धरायला आले, तशी ती अंगावरचे कपडे उतरवू लागली. तिकडे आईच्या वयाच्या बाईने असे करणे हा पुरुषांना मोठा शाप समजतात. पहारेकरी मागे सरले. मध्यस्थी करणारे जनरल अबुबकर बाहेर आले, त्यांनी बायांचे ऐकून घेतले, आणि त्यानंतर बोलण्यांचा सूर बदलला. 11 ऑगस्टला टेलरने सत्ता सोडली. 18 ऑगस्ट 2003 रोजी तह झाला.

हे सारे एकट्या बायांनी केले असे कोणी सांगितले तर खरे मानू नका. बंडखोर राजधानीत शिरले होते, शेजारी देशांचे सैन्य आले होते, अमेरिकेचाही दाब होता. पण पुढाऱ्यांना लाज वाटेल असे डोळे त्यांच्यावर रोखून ठेवले ते ह्या बायांनी.

पुढे त्यांनी गावोगाव फिरून मतदारयादीत बायांची नावे घालवली. 2005 च्या निवडणुकीत एलन जॉन्सन सरलीफ निवडून आल्या. आफ्रिकेत लोकांनी निवडून दिलेल्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. 2011 साली शांततेचे नोबेल पारितोषिक तीन बायांना मिळाले, त्यांत सरलीफ आणि लेमा दोघी होत्या. तरी वर्षभरातच लेमाने सरलीफबाईंच्या कारभारावर उघड टीका केली. भ्रष्टाचार थांबत नाही आणि घरच्या माणसांना मोठ्या जागा मिळतात, असे तिचे म्हणणे होते. आपली मैत्रीण खुर्चीवर आहे म्हणून ती गप्प बसली नाही. टेलरला 2012 साली 50 वर्षांची शिक्षा झाली, तीही शेजारच्या सिएरा लिओन देशातील गुन्ह्यांसाठी.

ह्या कथेत आपल्या देशाचाही थोडा हात आहे. तहानंतर संयुक्त राष्ट्रसंघाचे सैन्य लायबेरियात राहिले. 2007 साली भारताने तिथे शंभराहून अधिक स्त्री पोलिसांची तुकडी पाठवली. नुसत्या बायांची अशी तुकडी राष्ट्रसंघाने त्याआधी कोठेच उभी केली नव्हती. त्यांनी अध्यक्षांच्या कचेरीवर पहारा दिला, रात्री रस्त्यांवर गस्त घातली. 2016 साली ही कामगिरी संपवून तुकडी परत आली.

युद्ध थांबले म्हणून बायांच्या बैठका थांबल्या नाहीत. लायबेरियाच्या अनेक गावांत बायांनी शांतिझोपड्या उभारल्या. झोपडीत बाया गोल बसतात आणि गावचे तंटे ऐकतात. नवऱ्याने बायकोला मारले, बापाने पोराचा खर्च टाकला, बांधावरून भांडण झाले, अशी प्रकरणे तिथे येतात. दोन्ही बाजूंना बोलू देतात. बलात्कारासारखा गुन्हा असेल तर तो झोपडीत मिटवीत नाहीत, पोलिसांकडे पाठवतात.