काढा, कावीळ आणि यकृत: गैरसमज व वस्तुस्थिती

वनस्पतीचे औषध ‘गुण नाही आला तरी अपाय नाही’ असे मानले जाते. यकृताच्या बाबतीत ही समजूत टिकत नाही. आतड्यातून शोषलेला बहुतेक प्रत्येक पदार्थ आधी यकृतात जातो आणि तिथे त्याचे रासायनिक रूपांतर होते. तो मुळीतून आला की कारखान्यातून, याने यकृताला फरक पडत नाही. आयुर्वेदाचाही तसा दावा नाही. बिब्बा, बचनाग, जयपाळ ही द्रव्ये शोधन केल्याशिवाय वापरू नयेत, असे वैद्य पूर्वीपासून सांगत आले आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या नियमांतील विषारी द्रव्यांच्या यादीतही ती आहेत आणि अशी द्रव्ये असलेले पोटात घ्यायचे औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते.

गुळवेलीचे उदाहरण ताजे आहे. नागपुरात ही वेल विकत घ्यावीच लागते असे नाही. कडुलिंबावर, कुंपणावर ती आपणहून चढते. करोनाकाळात तिचा काढा घरोघरी रोजचा झाला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. ही नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्या वर्षी देशातील १३ रुग्णालयांमधल्या ४३ रुग्णांची पाहणी आली. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता. म्हणजे महिनाभर काही झाले नाही, हा निर्धोकपणाचा पुरावा ठरत नाही. यकृताच्या तुकड्याच्या तपासणीत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा दिसल्या. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घेतलेल्या औषधाने हे घडावे, यात विसंगती नाही. ज्यांच्यात हा कल आधीच दडलेला असतो, त्यांच्यात तो अशा औषधाने उघड होऊ शकतो.

आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांना हरकत घेतली. रुग्णांनी खरी गुळवेल न घेता तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात घेतली असावी, हा त्यातला मुख्य मुद्दा. तो गैरलागू नाही. गुळवेलीची एक भाऊबंद जात खोडावरच्या ठळक गाठींनी ओळखावी लागते आणि वाळलेल्या तुकड्यांत ती ओळखणे अवघड जाते. पण या हरकतीने घेणाऱ्याची जोखीम कमी होत नाही, उलट वाढते. शंका असेल तर आयुर्वेद महाविद्यालयाच्या द्रव्यगुण विभागाला वेल दाखवावी. शासकीय आयुर्वेद महाविद्यालय नागपुरातच आहे.

भेसळ किंवा चुकीची ओळख नसली की धोका नाही, हाही गैरसमजच. हळद रोजच्या भाजीत निरुपद्रवी आहे. मात्र तिचा सांद्र अर्क, शोषण वाढवण्यासाठी मिरीचे सत्त्व घालून, गोळीच्या रूपात घेतला तर गोष्ट बदलते. अमेरिकेतील औषधजन्य यकृतइजेचा अभ्यास करणाऱ्या रुग्णालयांच्या एका जाळ्याने २०२२ मध्ये हळदीशी जोडलेल्या यकृतइजेचे दहा रुग्ण नोंदवले. त्यांपैकी सात जणांत एकच जनुकीय खूण सापडली. कोणाला त्रास होईल ते मात्रेइतकेच शरीरावर ठरते, हे यातून दिसते.

याच्या उलट टोकाचा ग्रहही तितकाच चुकीचा आहे, की यकृत बिघडते ते काढ्यांनीच. भारतातील औषधजन्य यकृतइजेच्या १२८८ रुग्णांच्या नोंदीत (२०१३–१८) क्षयरोगाची औषधे ४६ टक्क्यांहून अधिक, तर पूरक व पर्यायी औषधे सुमारे १४ टक्के प्रकरणांत कारण होती. क्षयरोगाची औषधे आवश्यकच असतात, म्हणून ती यकृताच्या तपासण्या करत दिली जातात. काढ्याबरोबर तपासणी मात्र सहसा कोणी करत नाही.

कावीळ झाल्यावर झाडपाल्याकडे धाव घेण्याची पद्धत विदर्भातही आहे. झाडाच्या काड्यांची माळ गळ्यात घालतात आणि ती लांबली म्हणजे कावीळ उतरली, असे सांगतात. काड्या वाळून आकसतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात आणि माळ आपोआप लांबते. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए व ई ची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपसूक बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. यातला खरा धोका उशिराचा. गर्भवतीला, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, हिपॅटायटिस ई जिवावर बेतू शकतो.

‘पोटात दुखले नाही म्हणजे यकृत ठीक’ ही खूणही भरवशाची नाही. यकृताची इजा बराच काळ दुखत नाही. भूक मरणे, मळमळ, थकवा, गडद लघवी, अंगाला खाज आणि मग डोळ्यांत पिवळेपणा असा तिचा क्रम असू शकतो. अशी लक्षणे दिसल्यास काढा थांबवून एसजीपीटी, बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याचा काळ तपासून घ्यावा. झोपाळूपणा, बरळणे किंवा रक्तस्राव दिसला तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. तिथे डॉक्टरांना काढ्याचे नाव, मात्रा आणि किती दिवस घेतला ते सांगावे. पुडी, बाटली किंवा वेलीचा तुकडा सोबत न्यावा.