बोरिवलीच्या रानातील वटवाघळे
बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या लेण्यांकडे जाताना दिसणारी वटवाघळे अशुभ मानून ज्यांना त्यांचा तिटकारा येतो, त्यांना मी आग्रहाने सांगू इच्छितो की, खरेखुरे उड्डाण साधलेला हा एकमेव सस्तन प्राणी असून त्याचा पंख म्हणजे अतिशय लांबलेल्या बोटांमध्ये ताणलेली त्वचा होय. कीटकभक्षक वटवाघळे मानवी कर्णास अगोचर अशा ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंधारात भक्ष्याचा ठाव घेतात. मोठे फलाहारी वटवाघूळ मात्र दृष्टी व गंध यांवरच विसंबते. वड, उंबर, कदंब यांची फळे खाऊन ते बीजे दूरवर नेऊन टाकते, आणि आपल्या उपनगरांत तुरळक उरलेल्या गोरखचिंचेची रात्री उमलणारी शुभ्र फुले ज्यांच्यासाठी उघडतात, ते अतिथी हेच! मादीस वर्षाकाठी बहुधा एकच पिल्लू होत असल्याने, वसाहत एकदा घटली म्हणजे ती पूर्ववत होण्यास दीर्घ काळ लोटतो. असे असता, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या एका अनुसूचीत फलाहारी वटवाघळे उंदीर-कावळ्यांसमवेत 'उपद्रवी' म्हणून नोंदली गेली होती. २०२२च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द झाली, याचा मला मनःपूर्वक आनंद आहे.