पोकलेनची दुरुस्ती: दाब, निदान आणि धूळ

महाराष्ट्रात पोकलेन, डोझर, डंपर यांसारख्या अवजड यंत्रांच्या दुरुस्तीकडे वळणारा तरुण बहुधा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करून, १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली एखाद्या कार्यशाळेत किंवा थेट रस्त्याच्या ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून दाखल होतो. इंजिन त्याच्या ओळखीचे असते. नवखे असते ते हायड्रॉलिक्स, म्हणजे तेलाच्या दाबाने शक्ती वाहून नेण्याची व्यवस्था, आणि यंत्राचे सारे बळ तर तिच्यातूनच पोहोचते.

वीस टनी पोकलेनमध्ये इंजिन पंप फिरवते, पंप तेल ढकलतो आणि ते तेल सिलिंडरांत व मोटारींत जाऊन बूम उचलते, चेन फिरवते. त्याचा दाब साधारण ३५० बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेतीनशे किलोपर्यंत चढू शकतो. अशा दाबाखालच्या होजला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले, तरी त्यातून निघणारी धार हातमोजा भेदून कातडीखाली शिरते. जखम वरून क्षुल्लक दिसते, आरंभी फारशी दुखतही नाही, परंतु शस्त्रक्रियेला उशीर झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. म्हणून गळती हाताने चाचपायची नसते, पुठ्ठा धरून शोधायची असते; आणि कोणताही सांधा सोडण्यापूर्वी बकेट जमिनीला टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर सर्व दिशांना हलवून कोंडलेला दाब उतरवायचा असतो. हा क्रम पाना हाती देण्याआधी शिकवला पाहिजे. घाईच्या कामावर नेमका तोच राहून जातो, ही या धंद्यातील गंभीर उणीव आहे.

त्यानंतरचे शिक्षण निदानाचे. यंत्र सरळ चालवताना डावीकडे ओढत असेल, तर डावी चेन मंद पडली आहे एवढेच कळते, कारण कळत नाही. अनेक यंत्रांत दोन मुख्य पंप दोन चेनना वेगवेगळे तेल पुरवतात. त्यामुळे तेलाची पातळी व तापमान पाहून झाल्यावर अनुभवी मिस्त्री पंपांकडून येणाऱ्या दोन होजची अदलाबदल करतो. आता ओढ उजवीकडे गेली, तर दोष पंपाच्या बाजूला आहे. ती डावीकडेच राहिली, तर तो पुढे, व्हॉल्व्हमध्ये किंवा चेनच्या मोटारीत शोधायचा. एवढ्या एका चाचणीने महागड्या पंपाची निष्कारण खोलाखोल टळते, आणि शिकाऊ मुलाने ती नुसती पाहू नये, स्वतः करावी.

सोडलेल्या होजची तोंडे मात्र तत्काळ बुचांनी बंद करावी लागतात. व्हॉल्व्हमधील स्पूल, म्हणजे तेलाची वाट बदलणारा सरकता दांडा, आणि त्याचे घर यांच्यातील फट काही मायक्रॉनचीच असते, तर नुसत्या डोळ्याला साधारण चाळीस मायक्रॉनहून बारीक कण दिसतच नाही. म्हणजे जी धूळ स्पूलला ओरखडे पाडते ती दिसणारी नव्हे. कामाच्या जागी वारा सुटला असेल, तर जाणता मिस्त्री ठेकेदाराचा दिवस बुडाला तरी तेथे पंप उघडत नाही. पंप धुऊन, उतरवून कार्यशाळेत नेण्याचा आग्रह तो धरतो.