केर यंत्र काढेल, पसारा कोण उचलेल?

दिवसातून किती वेळा केर निघतो, हे एकदा घरातल्या पुरुष मंडळींना विचारून बघा. ‘सकाळी एकदा’ असंच उत्तर मिळेल. मुलं शाळेत गेल्यावर, जेवणं उरकल्यावर, दिवेलागणीच्या आधी, कुणी येणार म्हणून... या फेऱ्या कुणी मोजतच नाही. आमच्या आखाडा बाळापूरसारख्या गावात तर त्याला अंतच नाही. नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं गाव, दिवसभर वाहनांची ये-जा. उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. आणि घरी हळद असली तर विचारूच नका, पोती हलवली की पिवळी धूळ थेट माजघरापर्यंत!

अशा घरात गेल्या दिवाळीला एक नवं प्राणी दाखल झालं. पुण्यात नोकरी करणारी माझी लेक केर काढणारा रोबो घेऊन आली. ताटासारखं गोल आणि बसकं यंत्र. सासूबाईंनी त्याला बघताक्षणी नाव दिलं, ‘कासव’. ‘लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो, आता याला वाहायचं का?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न.

हे यंत्र तसं फार नवं नाही बरं का. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने २००१ साली ‘ट्रायलोबाइट’ नावाचा रोबो बाजारात आणला. २००२ साली अमेरिकेत ‘रूंबा’ आला आणि तो घराघरांत पोचला. आपल्याकडे आता पंधरा-वीस हजारांपासून पुढे अशी यंत्रं मिळतात.

त्याचं काम समजायला सोपं आहे. बाजूची छोटी झाडणी कोपऱ्यातला केर पोटाखाली ढकलते, मधला ब्रश तो उचलतो आणि आतला पंखा तो डब्यात ओढून घेतो. भिंतीला टेकलं की वळतं. पोटाखालचे सेन्सर जमिनीवर प्रकाश टाकतात. तो परत आला नाही की पुढे खड्डा आहे असं समजून यंत्र मागे फिरतं, म्हणून ते पायरीवरून पडत नाही. गंमत अशी, की अगदी काळ्या फरशीवरूनही प्रकाश नीट परतत नाही, त्यामुळे काही यंत्रं फरशीलाच खड्डा समजून थबकतात! घरात काळा कडप्पा असेल तर घेण्याआधी चालवून बघा. बॅटरी उतरली की ते आपणहून चार्जिंगच्या जागेवर जाऊन बसतं. म्हणजे चार्ज झालेलं असेल तर वीज गेली तरी काम अडत नाही.

पण आपली घरं काही त्याच्यासाठी बांधलेली नाहीत. बोटभर उंचीचा उंबरा आला की कासव हतबल! एका खोलीतून दुसऱ्या खोलीत त्याला उचलूनच न्यावं लागतं. लांब केस ब्रशला गुंडाळतात, ते कात्रीने कापून काढावे लागतात. हळदीच्या बारीक भुकटीने फिल्टर लवकर भरतो. तो वरचेवर झटकला नाही तर ओढ कमी होते.

गाडी ठेवायच्या जागेचं विचाराल, तर तिथे जपूनच. आपल्याकडे गॅरेज म्हणजे नुसती गाडी थोडीच असते? मोटारसायकल, खताची पोती, फवारणीचा पंप, खिळे, सुतळी सगळं तिथेच. कोरडी धूळ आणि पाला यंत्र काढेल. पण सांडलेलं तेल, पाणी, ओला चिखल यांवर ते सोडू नका. तेलाने ब्रश खराब होतो, पाण्याने मोटार जळू शकते. तेलावर लाकडाचा भुसा नाही तर कोरडी माती टाकायची, शोषलं की खराट्याने काढायचं. औषधाची किंवा खताची भुकटी सांडली असेल तर यंत्र मुळीच नको. साध्या फिल्टरमधून बारीक कण पुन्हा हवेत येतात आणि तेच यंत्र मग स्वयंपाकघरात फिरतं!

एवढं सगळं सांगितलं, पण या यंत्राने मला दाखवलेली खरी गोष्ट वेगळीच आहे. ते सुरू करण्याआधी जमीन मोकळी लागते. मोजे, चप्पल, वर्तमानपत्र, चार्जरची वायर, पोराची बॅट... सगळं उचलायचं. केरसुणीने झाडताना हे सगळं आपण एका हाताने उचलत, दुसऱ्या हाताने झाडत पुढे जातो. त्यामुळे ‘उचलणं’ हे वेगळं काम आहे, हे कुणाला कधी दिसलंच नव्हतं. यंत्राने केर काढायचं काम घेतलं आणि उचलायचं काम उघडं पडलं.

एक दिवस यांच्या चार्जरची वायर कासवाने गिळली आणि ते दिवाणाखाली अडकून ओरडायला लागलं. हे स्वतः गुडघ्यावर बसून आत वाकले, आणि आतूनच आवाज आला, ‘अगं, इथं एवढी धूळ असते?’ सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. त्या दिवसापासून नियम झाला. दहा वाजता कासव निघणार, त्याआधी ज्याची वस्तू त्याने उचलायची. अजूनही आठवण करून द्यावी लागते, पण आता निदान उचलतात!

आता दुसरी बाजू. आमच्याकडे केर-फरशीला येणाऱ्या मावशींनी यंत्र पाहिलं आणि दारातच थांबल्या. ‘ताई, मग माझं काम गेलं मनायचं का?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्यांना या कामाचे महिन्याला पाचशे रुपये मिळतात. पंधरा हजारांचं यंत्र म्हणजे त्यांची अडीच वर्षांची मजुरी! भिशीत मैत्रिणी म्हणाल्या, ‘मग बाई कशाला ठेवायची?’ मी म्हटलं, जिने, ओसरी, उंबऱ्याच्या खाचा, पोर्च कोण करणार? मावशींचे पैसे आम्ही कापले नाहीत. उलट त्यांच्यासाठी लांब दांड्याचा झाडू आणि उभ्याने पुसायचा पोछा आणला. आयुष्यभर उकिडवं बसून फरशी पुसलेल्या त्या बाईचे गुडघे बसता-उठता कुरकुरतात. माझी कंबर यंत्राने वाचवायची आणि त्यांची मोडू द्यायची, हे कसं चालेल?

केंद्र सरकारने २०२४ साली वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, पुरुष ८८ मिनिटं. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत आपली दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांनी आपल्या वाट्यातून नऊ काढून घेतली! घरात मिक्सर आला, कुकर आला, आता रोबोही येईल. पण वाटणी बदलली नाही तर वाचलेल्या वेळात आपण दुसरं काम शोधून काढणार, हे तुम्हालाही माहीत आहे.

म्हणून मैत्रिणींनो, यंत्र परवडत असेल तर जरूर घ्या, त्यात चैन कसली? नसेल परवडत तर दोनेकशे रुपयांचा लांब दांड्याचा झाडू आणा. मात्र तो दाराआड लपवू नका. घरातल्या प्रत्येकाचा हात पोचेल अशा खुंटीला टांगा, आणि पहिल्या रविवारी तो कुणाच्या हातात द्यायचा, ते आजच ठरवून टाका.